वारस दाखल्याचा अर्ज कोर्टाच्या खिडकीवरून परत का येतो, आणि तो कसा लिहावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील वारले. मागे आई, तुम्ही आणि लग्न झालेली बहीण. दोन बँकांत मुदत ठेवी, डीमॅट खात्यात थोडे शेअर्स, गावाकडे घर. ठेवींना नॉमिनी नाही. बँकेने 'कोर्टाचा वारस दाखला आणा' म्हणून सांगितले. तुम्ही 'माननीय न्यायाधीश साहेब' यांच्या नावे दोन पानी अर्ज लिहिला, मृत्यू दाखल्याची झेरॉक्स जोडली आणि फाइलिंगच्या खिडकीवरून तो जसाच्या तसा परत आला. आता तुम्हाला अर्जाचा तयार नमुना हवा आहे आणि वकील लावावाच लागतो का, हे जाणून घ्यायचे आहे.

नमुने झेरॉक्सच्या दुकानातही मिळतात. तुमचे अडले आहे ते दुसऱ्याच कारणाने: तुम्ही कोर्टाला विनंतीपत्र लिहिले. दिवाणी कोर्टात 'अर्ज' म्हटला तरी तो दाव्याइतकाच बांधीव कागद असतो. त्यातली प्रत्येक बाब कायद्याने ठरवून दिलेली आहे आणि त्या बाबींपैकी दोन, म्हणजे वारसांची यादी आणि मालमत्तेचे परिशिष्ट, चुकल्या तर बाकीचे कितीही सुबक असले तरी हाती आलेला दाखला बँकेत चालत नाही. म्हणून मी नमुन्यापेक्षा कारणे जास्त सांगतो. मी लिहितो ते महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांना धरून. बृहन्मुंबईत हे काम उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत चालते, तिथले नियम आणि नमुने निराळे आहेत.

आधी, कोर्टात जायची खरोखर गरज आहे का ते पाहा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या दाव्यांबद्दल निर्देश काढले आहेत. नॉमिनी नसला तरी, मृत्युपत्र नाही आणि वारसांत वाद नाही अशा प्रकरणांत एका मर्यादेपर्यंत बँकेने सोप्या पद्धतीने पैसे द्यायचे आहेत: दावा फॉर्म, मृत्यू दाखला, हमीचे बंधपत्र, बाकीच्या वारसांचे ना-हरकत पत्र आणि वारस कोण याबद्दलचे प्रतिज्ञापत्र किंवा दाखला. ही मर्यादा सहकारी बँकांसाठी ५ लाख रुपये आणि इतर बँकांसाठी १५ लाख रुपये आहे. बँक स्वतःहून ती वाढवू शकते. शेअर्सचेही तसेच. सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमांत डीमॅटमधल्या शेअर्ससाठी १५ लाखांपर्यंत आणि कागदी शेअर्ससाठी प्रत्येक कंपनीमागे ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. तुमच्या दोन्ही ठेवी या मर्यादेत बसत असतील तर आधी शाखेला लेखी अर्ज द्या आणि नकार लेखी मागा. काउंटरवर तोंडी 'कोर्टातून आणा' म्हणणे फार सोपे असते; लेखी द्यायची वेळ आली की बरेचदा फॉर्म निघतो.

मर्यादेबाहेर असाल, किंवा बँकेने लेखी नकार दिला असेल, तर पुढचा प्रश्न: कोणता दाखला? ठेवी, बचत खाते, शेअर्स, म्युच्युअल फंड, कोणाकडून यायचे पैसे ही मयताची येणी आणि रोखे. यांच्यासाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३७० ते ३९० खाली मिळणारे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. कोर्टात सगळे त्याला सक्सेशन सर्टिफिकेटच म्हणतात. घर आणि जमीन त्यात बसत नाहीत. घर-जमिनीच्या कामांसाठी कोणी कोर्टाचा दाखला मागितलाच तर तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला, आणि त्याचा अर्ज वेगळा.

गावाकडच्या घरासाठी बहुधा तोही लागणार नाही. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वारस नोंदीचा अर्ज देऊन फेरफार होतो. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरांच्या नोंदवहीत) असेल तर ग्रामपंचायतीत आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात वारस नोंद होते. तेव्हा घर या अर्जातून काढून टाका. तुमच्या अर्जात 'ठेवी, शेअर्स व घर यांचा वारस दाखला मिळावा' अशी एकत्र मागणी असणार, असा माझा अंदाज आहे. तेवढे एकच कारण अर्ज परत येण्यास पुरेसे आहे.

वडिलांनी मृत्युपत्र केले असेल तर इथेच थांबा आणि ते घेऊन वकिलाकडे जा. मृत्युपत्र असताना ते नसल्यासारखा अर्ज केला तर पुढे दाखला रद्द होण्याचे ते आयते कारण ठरते.

आता कोर्ट कोणते. कलम ३७१ सांगते की मयत मृत्यूच्या वेळी सामान्यतः जिथे राहत होता तिथले कोर्ट. मृत्यू कोणत्या शहरातल्या दवाखान्यात झाला, बँकेची शाखा कुठे आहे, अर्जदार कुठे नोकरी करतो, यांपैकी कशालाही महत्त्व नाही. मयताला ठराविक राहण्याचे ठिकाण नव्हते असे असेल तरच मालमत्ता जिथे आहे त्या ठिकाणचा विचार होतो. गंमत अशी की मृत्यू दाखल्यावर मृत्यूचे ठिकाण ठळक असते आणि मयताचा पत्ता कधी मुलाच्या फ्लॅटचा लिहिलेला असतो, कारण दवाखान्यात फॉर्म मुलाने भरलेला असतो. मग खिडकीवर 'हद्द कशी येते?' हा प्रश्न हमखास निघतो. असे असेल तर मयताचे रेशन कार्ड, आधार, मतदार ओळखपत्र किंवा वीज बिल जोडा आणि अर्जात एक सरळ वाक्य लिहा: मयत कायम अमुक गावी राहत होते, उपचारासाठी अमुक शहरात नेले असता तिथे मृत्यू झाला.

कायद्यात जिल्हा न्यायाधीश असे म्हटले असले तरी ही कामे दिवाणी न्यायाधीशांकडे सोपवलेली असतात, सहसा वरिष्ठ स्तराकडे. तुमच्या तालुक्याचे काम तिथेच चालते की जिल्ह्याच्या ठिकाणी, हे फाइलिंग विभागात विचारून घ्या आणि मगच शीर्षक टाइप करा.

शीर्षक असे असते:

मे. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, ........ यांचे कोर्टात
दिवाणी किरकोळ अर्ज क्र. ........ / २०....
(अर्जदाराचे पूर्ण नाव), वय ...., धंदा ...., रा. ........ : अर्जदार
विरुद्ध
(प्रत्येकाचे पूर्ण नाव), वय ...., धंदा ...., रा. ........ : सामनेवाले
भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ३७२ अन्वये अर्ज

क्रमांकाची जागा मोकळी सोडायची, तो कोर्ट देते. वय आणि धंदा लिहायला लोक विसरतात. पक्षकाराचे वर्णन ही दिवाणी प्रक्रिया संहितेची अट आहे, शिवाय कोणी अज्ञान (वयाने सज्ञान नसलेला) असेल तर ते वयावरूनच कळते. अज्ञान वारस असल्यास त्याचे नाव 'अज्ञान, तर्फे पालक अमुक' असे लिहावे लागते आणि पालक असा हवा की ज्याचा स्वार्थ अज्ञानाच्या विरुद्ध जात नाही.

सामनेवाले (अर्जातले दुसऱ्या बाजूचे पक्षकार) कोण करायचे, यावर वकिलांतही एकमत नसते. माझा सल्ला सरळ आहे. घरात एकी असेल तर दाखला कोणाच्या नावे हवा ते आधी ठरवा, ती व्यक्ती अर्जदार, आणि बाकीचे सगळे वारस सामनेवाले. ते नंतर हजर होऊन 'आमची हरकत नाही' अशी पुरसीस (कोर्टाला द्यायचे छोटे लेखी निवेदन) आणि शपथपत्र देतात. सगळ्यांनीच अर्जदार व्हायचे आणि दाखला सगळ्यांच्या नावे मागायचा, हे ऐकायला गोड वाटते, पण मग बँकेत प्रत्येक कागदावर तिघांच्या सह्या लागतात आणि कोर्टही एकाच्या नावे द्यायला जास्त राजी असते. ज्याच्या नावे दाखला त्याची मालकी ठरते, ही भीती निराधार आहे. दाखला म्हणजे बँकेने कोणाला पैसे दिले तर ती मोकळी होते, याचे उत्तर. इतर वारसांचा हिस्सा त्याने मरत नाही. नॉमिनीचेही तसेच. शेअर्सचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

सामनेवाला करायला कोणीच नसेल, म्हणजे अर्जदार एकटाच वारस असेल, तर 'विरुद्ध : निरंक' (म्हणजे कोणी नाही) असे लिहिण्याचा प्रघात आहे. बँकेला सामनेवाला करणे कायद्याने गरजेचे नाही. काही ठिकाणी करतात. त्याने नोटीस बजावण्याचे एक काम वाढते.

मजकुराकडे येऊ. परिच्छेदांना क्रमांक द्या, एका परिच्छेदात एकच गोष्ट. तारखा, रकमा आणि आकडे अंकांत आणि अक्षरांतही. हकीकत लिहायची, पुरावा आणि कैफियत नाही. 'बँकेने आम्हाला फार त्रास दिला' या वाक्याला इथे जागा नाही. कलम ३७२ ज्या बाबी मागते त्या अशा: मृत्यू कधी झाला, मृत्यूच्या वेळी मयत कुठे राहत होता, मयताचे कुटुंब व जवळचे नातलग कोण आणि ते कुठे राहतात, अर्जदार कोणत्या नात्याने हक्क सांगतो, दाखला देण्यास कायद्याची अडचण नाही हे विधान, आणि कोणत्या येण्यांसाठी व रोख्यांसाठी दाखला हवा. एवढ्या सहा गोष्टी असल्या की अर्जाचा सांगाडा पूर्ण होतो.

यातला नातलगांचा परिच्छेद लोक सर्वांत घाईने लिहितात. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर वर्ग एकच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई येतात. वडील त्या वर्गात नाहीत. म्हणजे तुमची आजी वडिलांच्या मृत्यूच्या दिवशी हयात असेल तर तिचे नाव आलेच पाहिजे, आणि ती नंतर वारली असेल तर तिच्या हिश्श्याचा प्रश्न तुमच्या आत्या-काकांपर्यंत जातो. तुमच्या प्रश्नात आजीचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम लिहिले. मयताच्या आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलेही वारस असतात. बहिणीचे लग्न झाले, तिला लग्नात दिले, तिने तोंडी सोडून दिले, यांतल्या कशानेही तिचे नाव वगळता येत नाही. मयत स्त्री असेल तर यादी बदलते: मुलगे, मुली आणि नवरा हे पहिले. उत्तराधिकार प्रमाणपत्राची ही प्रक्रिया मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांनाही लागू होते, वारस मात्र त्यांच्या त्यांच्या कायद्याने ठरतात.

तेव्हा नावांची यादी करण्याआधी वंशावळ काढा, मृत्यूच्या तारखेला कोण हयात होते ते प्रत्येक नावापुढे लिहा आणि तीच वंशावळ अर्जातही द्या. वारस दडवल्याचे पुढे उघड झाले तर कलम ३८३ खाली दाखला रद्द होतो, आणि जाणूनबुजून खोटे विधान केले असेल तर फौजदारी गुन्हाही होतो.

आता परिशिष्ट. कोर्ट दाखल्यात तुमचे परिशिष्ट जवळजवळ शब्दशः उतरवते आणि बँकेचा अधिकारी ते आपल्या स्क्रीनशी एक-एक आकडा लावून पाहतो. म्हणून 'अमुक बँकेतील सर्व ठेवी' असे कधी लिहू नका. एका ठेवीची एक ओळ, ती अशी:

बँकेचे नाव व शाखा, खातेदाराचे नाव बँकेच्या नोंदीत आहे तसे, ग्राहक क्रमांक, मुदत ठेव पावती क्र.; ठेव तारीख; मुदतपूर्तीची तारीख; मूळ रक्कम रु. ४,००,०००/- (अक्षरी रुपये चार लाख फक्त); अर्जाच्या तारखेपर्यंतचे व्याज; एकूण.

घोळ कुठे होतो ते सांगतो. ठेव आपोआप नूतनीकरणावर असते. मृत्यूनंतर मुदत संपते, बँकेची प्रणाली ती पुन्हा गुंतवते आणि नवा क्रमांक पडतो. कपाटातल्या पावतीवर जुना क्रमांक. तुम्ही तो परिशिष्टात लिहिता, कोर्ट तोच दाखल्यात लिहिते, आणि महिन्यांनंतर बँक म्हणते 'हा क्रमांक आमच्याकडे चालू नाही'. उपाय एकच: अर्ज टाइप करण्याआधी शाखेकडून सही-शिक्क्याचे ताजे पत्र घ्या, ज्यात मयताच्या नावावरची सगळी खाती, आजचे क्रमांक आणि आजची शिल्लक असेल. जुना क्रमांकही 'पूर्वीचा क्र.' म्हणून त्याच ओळीत लिहा. बचत खाते विसरू नका. त्यात पेन्शनचा शेवटचा हप्ता पडून असतो. लॉकर असेल तर तोही विचारून घ्या.

शेअर्ससाठी डिपॉझिटरी सहभागीचे (जिथे डीमॅट खाते आहे त्या संस्थेचे) नाव, तिचा क्रमांक म्हणजे डीपी आयडी, खात्याचा क्रमांक म्हणजे क्लायंट आयडी, कंपनी, त्या शेअरचा आयएसआयएन क्रमांक, शेअर्सची संख्या आणि अर्जाच्या तारखेचा बाजारभाव. मृत्यूनंतर बोनस किंवा विभाजन झाले असेल तर संख्या बदललेली असते, म्हणून होल्डिंगचे ताजे विवरण घ्या. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल तर असे शेअर्स गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. ते तसे परिशिष्टात लिहावे लागते.

नावांचा घोळ त्याच्या खालोखाल. मृत्यू दाखल्यावर पूर्ण नाव, बँकेत आद्याक्षरे, डीमॅटवर पॅनप्रमाणे इंग्रजी वळणाचे स्पेलिंग. अर्जाच्या शीर्षकात आणि मजकुरात 'अमुक ऊर्फ अमुक' असे सगळे प्रकार लिहा आणि ही एकच व्यक्ती असल्याचे एक वाक्य शपथपत्रात घाला. आईच्या आणि बहिणीच्या नावांबाबतही हेच, विशेषतः माहेर-सासरच्या नावांबाबत.

विनंतीचा परिच्छेद छोटा पण काटेकोर हवा. दाखला कोणाच्या नावे. परिशिष्टातील येणी व रोखे वसूल करण्याचा. त्यांवरील आजपर्यंतचे आणि पुढे होणारे व्याज व लाभांश घेण्याचा. आणि रोखे हस्तांतरित करण्याचा अधिकार. कलम ३७४ प्रमाणे व्याज-लाभांश घेणे आणि हस्तांतर करणे हे दोन अधिकार वेगवेगळे देता येतात. तुम्ही फक्त 'रक्कम मिळावी' लिहिले तर शेअर्स नावावर करताना नेमका तिथे अडथळा येतो.

मग सही आणि सत्यापन. अर्जाच्या शेवटी अर्जदाराची सही, वकील असेल तर त्याचीही, आणि त्याखाली वेगळे सत्यापन. तुमच्या पत्रात हे नसणारच. शब्द साधारण असे:

'मी, अर्जदार ........, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, वरील अर्जातील परिच्छेद १ ते ५ मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे आणि परिच्छेद ६ व ७ मधील मजकूर मला बँकेकडून मिळालेल्या माहितीवरून खरा असल्याचे मी मानतो. ठिकाण ...... तारीख ......'

स्वतःची माहिती आणि ऐकीव माहिती यांची ही फोड परिच्छेदांच्या क्रमांकांसह करावी लागते, म्हणून परिच्छेदांना क्रमांक हवेत. नमुन्यातले '१ ते ५' डोळे झाकून उतरवू नका, आपले परिच्छेद मोजा. तारीख आणि ठिकाण नसलेले सत्यापन अपुरे समजले जाते. यासोबत अर्जाच्या समर्थनार्थ वेगळे शपथपत्र लागते. २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही अट आली. एक खर्च वाचवा: कोर्टात दाखल करायच्या शपथपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर टाइप करून कोर्टातल्या शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर किंवा नोटरीसमोर ते करता येते. लागेल ते कोर्ट फीचे तिकीट लावायचे. कोणी पाचशेचा बॉण्ड आणा म्हणाले तर तो घेण्याआधी फाइलिंगला विचारा.

कागद रचण्याचा क्रम: अर्ज, परिशिष्ट, शपथपत्र, दस्तऐवजांची यादी, यादीप्रमाणे दस्तऐवज, वकीलपत्र असल्यास ते, आणि पत्त्याची पुरसीस. प्रत्येक पानाला क्रमांक, प्रत्येक पानावर अर्जदाराची सही, खाडाखोड असेल तिथे लघुस्वाक्षरी. डावीकडे भरपूर समास सोडा, कारण फाइल शिवली जाते आणि दाटीने टाइप केलेल्या ओळींची पहिली अक्षरे शिवणीत जातात. झेरॉक्सवर 'सत्यप्रत' म्हणून सही करा. मूळ कागद दाखल करू नका पण सोबत न्या. सामनेवाले जितके तितक्या जादा प्रती, नोटिशीबरोबर द्यायला. मराठीतून दाखल करायला काही अडचण नाही. बँकेची पत्रे इंग्रजीत असली तरी चालतात.

कोर्ट फीबद्दल एकच आकडा सांगता येईल असे नाही, कारण ती महाराष्ट्र कोर्ट फी अधिनियमाच्या तक्त्याप्रमाणे परिशिष्टाच्या एकूण रकमेवर टप्प्याटप्प्याने चढते. रक्कम मोजायची ती अर्जाच्या तारखेची, व्याजासह. मृत्यूच्या दिवशीची शिल्लक लिहून फी कमी दाखवण्याचा मोह टाळा. तो फरक नंतर भरावा लागतोच आणि मधल्या तारखा वाया जातात. कलम ३७९ प्रमाणे फीइतकी रक्कम अर्जासोबत ठेवायची असते आणि दाखला नाकारला तर ती परत मिळते. प्रत्यक्षात बऱ्याच कोर्टांत अर्जावर किरकोळ तिकीट लावून घेतात आणि आदेश झाल्यावर, दाखला लिहिण्याआधी, पूर्ण फी भरायला सांगतात. तुमच्या कोर्टाचा रिवाज नाझर कार्यालयात (कोर्टातले पैसे भरण्याचे कार्यालय) कळेल. मोठ्या रकमेच्या प्रकरणात हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पैसे बँकेत अडकलेले आणि फी मात्र खिशातून भरायची.

दाखल करताना आधी फाइलिंग क्रमांक मिळतो. मग कार्यालय कागद तपासते आणि त्रुटी असतील तर त्या नोंदवते. त्या दूर झाल्यावर नोंदणी क्रमांक पडतो आणि सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रकरणाची कायमची ओळख) मिळतो, ज्याने ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर पुढच्या तारखा पाहता येतात. फाइलिंग क्रमांक मिळाला म्हणजे प्रकरण दाखल झाले असे समजून लोक घरी जातात आणि त्रुटींची तारीख निघून जाते. आठवड्याभरात एकदा विचारणा कराच. खिडकीवर कागद परत मिळाला तर वाद न घालता त्रुटी काय ते लिहून घ्या. त्रुटीमुळे परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा दाखल करण्यास आडकाठी नाही.

पुढची वाट थोडक्यात. कोर्ट तारीख नेमते, सामनेवाल्यांना नोटीस काढते, कोर्टाच्या फलकावर नोटीस लावते आणि बहुधा स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगते. नोटिशीचा भत्ता (बजावणीचा खर्च) वेळेवर भरला नाही तर बेलिफ, म्हणजे नोटीस बजावणारा कोर्टाचा कर्मचारी, निघत नाही आणि तारीख नुसती पडते. प्रकरण रेंगाळण्याचे हे सर्वांत साधे कारण. जाहीर नोटिशीचा मसुदा छापायला देण्याआधी नावे आणि खाते क्रमांक अर्जाशी ताडून पाहा, चूक छापली तर खर्च पुन्हा. अंकाचे पूर्ण पान दाखल करा, कात्रण नको. हरकतीची मुदत संपली की अर्जदाराचे सरतपासाचे शपथपत्र (त्याची स्वतःची लेखी साक्ष), मूळ कागद दाखवून त्यांवर निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडणे, मग पुरावा संपल्याची पुरसीस आणि आदेश. काही प्रकरणांत कलम ३७५ खाली तारण किंवा जामीनदाराचे बंधपत्र मागतात, विशेषतः अज्ञान वारस असेल तेव्हा. मिळालेला दाखला भारतभर चालतो. दुसऱ्या राज्यातल्या शाखेसाठी वेगळा लागत नाही.

किती वेळ लागेल ते हरकत येते की नाही, सामनेवाले एका गावात आहेत की चार देशांत, आणि कोर्टावर कामाचा बोजा किती, यांवर आहे. परदेशातल्या वारसाचे ना-हरकत शपथपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत करून आधीच मागवून ठेवले तर बरेच दिवस वाचतात.

वकील लागतोच का? नाही. पक्षकार स्वतः दाखल करू शकतो आणि तुमच्यासारख्या तीन वारसांच्या, वाद नसलेल्या प्रकरणात हे जमण्यासारखे आहे, जर तारखांना दर वेळी हजर राहता येत असेल. पण वारसांपैकी कोणी सही करायला टाळाटाळ करत असेल, आजीच्या हिश्श्यासारखा गुंता असेल, अज्ञान वारस असेल किंवा मृत्युपत्राची कुजबुज असेल, तर वकील लावा. मधला मार्गही आहे: अर्ज आणि परिशिष्ट वकिलाकडून तयार करून घ्या, बाकी स्वतः चालवा. मला विचाराल तर पैसे खर्च करायचे ते या दोन कागदांवर.

आता लगेच करायचे ते असे. दोन्ही बँकांकडून ताजी पत्रे आणि डीमॅटचे ताजे विवरण मागवा, आणि वडिलांच्या मृत्यूच्या दिवशी आजी हयात होती का ते इथे लिहा. तुमची सामनेवाल्यांची यादी त्यावर ठरेल. दाखला मिळाल्यावर एखादी विसरलेली ठेव सापडली तर नवा अर्ज करायला नको, ज्याच्या नावे दाखला आहे त्याने कलम ३७६ खाली अर्ज करून ती त्याच दाखल्यात वाढवून घेता येते, तेवढ्या रकमेची फी भरून.